डोळ्याची नस आणि पाळीचं वय

नेदरलँड्समधल्या रॉटरडॅम शहरात ओमोर्ड नावाचं उपनगर आहे. तिथल्या पंचावन्नच्या पुढच्या रहिवाशांच्या मागे संशोधक १९९० पासून हात धुऊन लागले आहेत. हृदय, हाडं, मेंदू, डोळे, काही म्हणजे काही मोजायचं सोडलेलं नाही. पहिल्या फळीतच ७,९८३ माणसं होती. त्यात काचबिंदू कुणाला आहे याची नोंद झाली आणि बायकांना पाळी कितव्या वर्षी गेली, हेही विचारलं गेलं. २००१ मध्ये हे दोन रकाने कुणीतरी शेजारी ठेवून पाहिले. ज्यांची पाळी पंचेचाळिशीच्या आत आपोआप गेली होती, त्यांच्यात ‘ओपन अँगल’ काचबिंदूचं प्रमाण पन्नाशीला किंवा त्यानंतर पाळी गेलेल्या बायकांच्या अडीच पटींहून जास्त निघालं.

काचबिंदू झालेल्या बायका त्या गटात मुळात मोजक्याच होत्या, त्यामुळे या अडीच पटीला फार घट्ट धरून बसू नये. पण प्रश्न विचारला गेला, हे महत्त्वाचं. आपल्याकडे डोळ्यांच्या दवाखान्यात केसपेपर भरताना साखर आहे का, बीपी आहे का, घरात कुणाला काचबिंदू होता का, स्टिरॉइडचे थेंब घातलेत का, हे सगळं विचारतात. पाळी कधी सुरू झाली, कधी गेली, बाळंतपणं किती झाली, अंडाशय जागेवर आहेत का, हे सहसा कुणी विचारत नाही. पेशंट बाईही आपणहून सांगत नाही. डोळ्याच्या डॉक्टरला हे कशाला सांगायचं, असंच तिला वाटणार.

ते का सांगावं, हे समजायला डोळ्याच्या नसेपाशी जरा थांबावं लागेल.

डोळ्याच्या पडद्याच्या आतल्या बाजूला गँग्लियन पेशींचा थर असतो. प्रत्येक पेशीतून एक लांब तंतू निघतो, पडद्यावरून सरकत एका ठरलेल्या जागी येतो, तिथे काटकोनात वळतो आणि डोळ्याबाहेर पडून मेंदूची वाट धरतो. असे दहा-बारा लाख तंतू एकत्र आले की त्यांची ऑप्टिक नर्व्ह होते, डॉक्टर पेशंटशी बोलताना जिला डोळ्याची नस म्हणतात. ते बाहेर पडतात ती जागा दोन मिलिमीटर व्यासाचीसुद्धा नसते. तिथे कोलॅजेनची एक भोकाभोकांची चकती चाळणीसारखी बसवलेली असते आणि तंतूंच्या जुड्या त्या भोकांतून जातात. डोळ्यातल्या पाण्याचा दाब आतून या चकतीवर सतत पडत असतो. दाब वाढला किंवा चकतीच लेचीपेची झाली, की ती मागे सरते आणि भोकांतून जाणारे तंतू चेमटतात.

आणखी एक अडचण या तंतूंच्या रचनेतच आहे. शरीरातल्या बहुतेक लांब नसांना मायलिनचं वेष्टन असतं. त्यामुळे संदेश झपाट्याने आणि थोड्या ऊर्जेत पुढे जातो. डोळ्याच्या आत मात्र हे वेष्टन परवडत नाही, कारण ते अपारदर्शक असतं आणि प्रकाश अडवेल. म्हणून चाळणी ओलांडेपर्यंत तंतू उघडेच असतात. उघड्या तंतूतून संदेश ढकलायला ऊर्जा जास्त लागते आणि म्हणून या पहिल्या टप्प्यात ऊर्जा तयार करणाऱ्या मायटोकॉन्ड्रियांची गर्दी असते. रक्तपुरवठा जरा कमी पडला, मायटोकॉन्ड्रिया जरा थकल्या, की पहिला फटका इथेच बसतो.

वय वाढतं तसे हे तंतू कमी होत जातात. रोग कोणताही नसला तरी दर वर्षी काही हजार तंतू जातात आणि नवे येत नाहीत. सुरुवातीची पुंजी मोठी असल्यामुळे निरोगी माणसाला नव्वदीतही ते जाणवत नाही. काचबिंदूत हीच गळती वाढते. दुखत नाही, डोळा लाल होत नाही, समोरची अक्षरंही बराच काळ स्पष्ट दिसतात. काळ्या खुर्चीत बसवून, एक डोळा झाकून, ठिपका दिसला की बटण दाबायला लावतात, त्या फील्ड टेस्टमध्ये खोट दिसेपर्यंत पाव ते एक तृतीयांश गँग्लियन पेशी गेलेल्या असू शकतात. गेलेली नजर परत आणणारा उपाय अजून तरी नाही. आहे ती टिकवायची, एवढंच हातात असतं.

आता इस्ट्रोजेनकडे येऊ. हे हॉर्मोन फक्त गर्भाशयाच्या कामाचं, ही समजूत विज्ञानाने कधीच मोडीत काढली आहे. हाडं, रक्तवाहिन्या, मेंदू सगळीकडे त्याचा संदेश घेणारी रिसेप्टर नावाची प्रथिनं आहेत. गँग्लियन पेशींमध्येही ती आहेत. इस्ट्रोजेनमुळे रक्तवाहिन्यांच्या अस्तरात नायट्रिक ऑक्साइड तयार होतं आणि वाहिन्या सैलावतात. कोलॅजेनची लवचीकता त्याच्या असण्यानसण्याने बदलते, म्हणजे नसेच्या तोंडाशी बसलेली ती चकतीही बदलते. डोळ्यातलं पाणी बाहेर वाहून जाण्याच्या वाटेवरही त्याचा परिणाम होतो. पाळी गेलेल्या बायकांचा डोळ्याचा दाब पाळी चालू असलेल्यांपेक्षा थोडा जास्त असतो, असं अनेक पाहण्यांत दिसलं आहे. फरक पाऱ्याच्या एक-दोन मिलिमीटरचा, फार तर तिनाचा. दहा ते एकवीस हा सर्वसाधारण दाब धरला तर हे किरकोळ वाटेल, पण तोच फरक तीस वर्षं रोज पडत राहिला तर किरकोळ राहत नाही. यावरूनच थसरत वजरनंत आणि लुई पास्क्वाले या अमेरिकेतल्या दोन नेत्रतज्ज्ञांनी २०१२ मध्ये एक तर्क मांडला: इस्ट्रोजेन लवकर आटलं की ऑप्टिक नर्व्हला वेळेआधी म्हातारपण येतं.

या तर्काला मला सगळ्यात पटणारा आधार काचबिंदूतून मिळत नाही, एका वेगळ्याच दुर्मीळ आजारातून मिळतो. १८७१ मध्ये थिओडोर लेबर या जर्मन नेत्रतज्ज्ञाने काही कुटुंबांचं वर्णन लिहून ठेवलं. त्यांच्यातल्या तरुण मुलांची नजर विशी-तिशीत, काही आठवड्यांत, आधी एका डोळ्यातली आणि पाठोपाठ दुसऱ्यातली जायची. आजार आईकडून यायचा, बापाकडून कधीच नाही. याचं कारण कळायला शंभरावर वर्षं लागली. १९८८ मध्ये मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएतला दोष सापडला, आणि मायटोकॉन्ड्रिया आपल्याला आईकडूनच मिळतात. इथपर्यंत ठीक. पण मग आईचा दोष मुलाला आणि मुलीला सारखाच मिळतो, तर आंधळे मुख्यतः मुलगेच का होतात? दोष बाळगणाऱ्या पुरुषांपैकी जवळजवळ निम्म्यांची नजर जाते, बायकांपैकी साधारण दहातल्या एकीची. २०११ मध्ये इटलीतल्या संशोधकांनी हाच दोष असलेल्या पेशी प्रयोगशाळेत वाढवून त्यांना इस्ट्रोजेन दिलं. पेशींतला विषारी ऑक्सिजनचा कचरा कमी झाला, मायटोकॉन्ड्रियांचं काम सुधारलं. इस्ट्रोजेनचा एक रिसेप्टर थेट गँग्लियन पेशींच्या मायटोकॉन्ड्रियांवरच बसलेला त्यांना दिसला. दोष बाळगणाऱ्या काही बायकांची नजर पाळी जायच्या सुमारास किंवा त्यानंतर गेल्याच्याही नोंदी आहेत. दोष जन्मापासून होता, तो थोपवून धरणारं काहीतरी मधल्या वयात निघून गेलं, असं म्हणायला जागा आहे.

बाळंतपणाचं काय? गरोदरपणात इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन दोन्ही चढतात, आणि निरोगी बाईच्या डोळ्याचा दाब दुसऱ्या तिमाहीपासून उतरू लागतो, साधारण दहा टक्क्यांनी. आधीपासून काचबिंदू असलेल्या बाईला याचा फायदा होतो. गर्भाला धोका असलेले थेंब त्या काळात कमी करायचे किंवा बंद करायचे असतात, तेव्हा हा उतरलेला दाब डॉक्टरांच्या मदतीला येतो. पण सगळ्यांचाच दाब उतरतो असं नाही, म्हणून महिन्या-दोन महिन्यांनी तपासणी ठेवावीच लागते. बुबुळावरच्या पारदर्शक पटलात, कॉर्नियात, या महिन्यांत पाणी साठतं आणि त्याच्या नसांची संवेदना मंदावते. कॉन्टॅक्ट लेन्स खुपू लागते, चष्म्याचा नंबर हलल्यासारखा वाटतो. अशा वेळी नवा चष्मा करायची घाई करू नये. बाळंतपणानंतर काही आठवड्यांत बहुतेकींचं पूर्ववत होतं. शेवटच्या महिन्यांत डोळ्यापुढे काजवे चमकले, अंधारी आली आणि डोकं ठणकलं तर मात्र चष्म्याच्या दुकानात जाऊ नये, तडक प्रसूतीच्या डॉक्टरांकडे जाऊन बीपी मोजून घ्यावं. ती प्री-एक्लॅम्प्सियाची खूण असू शकते. जाता जाता एक: जाड नंबरच्या बाईने कळा दिल्या तर डोळ्याचा पडदा सुटेल, म्हणून सिझेरियनच करा, असा सल्ला अजून ऐकू येतो. एरवी निरोगी असलेल्या डोळ्याच्या बाबतीत त्याला पुराव्याचा आधार नाही.

मग जितकी बाळंतपणं जास्त, तितकी नस सुरक्षित? हिशोब कागदावर सोपा दिसतो. दर गरोदरपणात नऊ महिने इस्ट्रोजेनचा पूर, म्हणजे आयुष्याची बेरीज मोठी. पण मुलांची संख्या आणि काचबिंदू यांची सांगड घालायला गेलं की उत्तरं एका सुरात येत नाहीत. मला त्याचं नवल वाटत नाही. पाच मुलं झालेली आणि एक मूल झालेली बाई यांच्यातला फरक हॉर्मोनपुरता कुठे असतो? घरची परिस्थिती, पोटाला काय मिळालं, शाळा किती झाली, रक्त किती गेलं, दवाखाना किती लांब, हे सगळं त्या एका आकड्यात मिसळलेलं असतं. म्हणूनच प्राण्यांकडे वळावं लागतं. त्यांच्यातल्या बहुतेकांना माणसासारखी रजोनिवृत्ती येत नाही, तेव्हा अंडाशय काढून ती अवस्था आणावी लागते. अटलांटाच्या एका प्रयोगशाळेत ब्राउन नॉर्वे जातीच्या उंदरांच्या माद्यांवर असे प्रयोग झाले. डोळ्याचा दाब कृत्रिमरीत्या वाढवल्यावर अंडाशय काढलेल्या माद्यांची नजर, अंडाशय शाबूत असलेल्या माद्यांपेक्षा जास्त बिघडली.

पण काचबिंदूचं सगळं खापर हॉर्मोनवर फोडणं चुकीचं होईल. जगात काचबिंदूचे रुग्ण मोजले तर साधारण साठ टक्के बायका निघतात. त्यात एक मोठा वाटा बायका पुरुषांपेक्षा जास्त जगतात, याचा आहे. ‘अँगल क्लोजर’ हा काचबिंदूचा दुसरा प्रकार आशियात जास्त दिसतो आणि त्यात बायकांचं प्रमाण फारच मोठं आहे. तिथे कारण सरळ मोजमापाचं आहे: बायकांचा डोळा लांबीला थोडा कमी, पुढचा कप्पा उथळ, त्यामुळे पाणी निचरा होण्याची वाट बुजायला वेळ लागत नाही. पाळीचा संबंध पाहायचा तो ओपन अँगल प्रकारात.

तिथे रॉटरडॅमनंतरचा मोठा आधार अमेरिकेतल्या नर्सेसचा. १९७६ मध्ये सुरू झालेल्या या अभ्यासात १,२१,७०० नर्सेस दर दोन वर्षांनी प्रश्नावली भरून पाठवत आल्या आहेत. २००७ मधल्या विश्लेषणात असं दिसलं की पासष्टीपुढच्या ज्या नर्सेसची पाळी चोपन्नाव्या वर्षी किंवा त्यानंतर गेली होती, त्यांच्यातला काचबिंदूचा धोका पन्नास ते त्रेपन्न या वयात पाळी गेलेल्यांच्या जवळजवळ निम्मा होता. म्हणजे रॉटरडॅमने एक टोक दाखवलं, नर्सेसनी दुसरं. २०११ मध्ये याच नर्सेसमधून आणखी एक गोष्ट निघाली: पाच वर्षं किंवा जास्त काळ गर्भनिरोधक गोळ्या घेतलेल्यांमध्ये धोका सुमारे पाव पटीने वाढलेला. त्या गोळ्यांत इस्ट्रोजेन असतंच की! मग हे उलटं कसं? गोळ्या अंडाशयाचं स्वतःचं चक्र झोपवतात, त्यामुळे शरीराच्या इस्ट्रोजेनचे नैसर्गिक चढउतार जातात, हे एक शक्य कारण. पण ‘इस्ट्रोजेन चांगलं, जितकं जास्त तितकं बरं’ असं सुटसुटीत सूत्र इथे बसत नाही, एवढं खरं.

मग पाळी गेल्यावर इस्ट्रोजेनच्या गोळ्या घेऊन नस वाचवावी का? असं विचारणाऱ्याला मी २००२ ची गोष्ट सांगेन. पाळीनंतर हॉर्मोन घेणाऱ्या बायकांना हृदयविकार कमी होतो, असं याच नर्सेसच्या अभ्यासातून आणि तशाच इतर पाहण्यांतून दिसत होतं. लाखो बायकांना गोळ्या लिहून दिल्या गेल्या. मग विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह नावाची चाचणी झाली. १६,६०८ बायका, चिठ्ठ्या टाकाव्यात तशी वाटणी, निम्म्यांना इस्ट्रोजेन-प्रोजेस्टिन, बाकीच्यांना औषध नसलेली नुसती गोळी. जुलै २००२ मध्ये ती मुदतीआधी थांबवावी लागली. हृदयविकार कमी झाला नाही, उलट थोडा वाढला; पक्षाघात आणि स्तनांचा कर्करोगही वाढला. आधी गोळ्या घेणाऱ्या बायका मुळातच सुस्थितीतल्या आणि प्रकृतीने बऱ्या होत्या, हे त्यामागचं एक कारण निघालं. याच इनिशिएटिव्हमधल्या चाचण्यांतल्या काही बायकांचे डोळेही तपासले गेले होते. त्यातल्या वेगळ्या चाचणीत फक्त इस्ट्रोजेन घेणाऱ्यांचा दाब सुमारे अर्ध्या मिलिमीटरने कमी भरला. अर्ध्या मिलिमीटरसाठी कुणी पक्षाघाताचा धोका घेत नाही. दाब कमी करणारा रोजचा एक थेंब याच्या कितीतरी पट काम करतो. काचबिंदूवर उपाय म्हणून हॉर्मोन घ्यावेत, असं आज कुणी जबाबदार डॉक्टर सांगणार नाही.

पाळीचं वय औषधासाठी विचारायचं नसतं. कुणाचा डोळा लवकर आणि नीट पाहायचा, हे त्यातून ठरवता येतं. मेयो क्लिनिकने मिनेसोटातल्या ओल्मस्टेड परगण्यातल्या जुन्या नोंदींवरून २०१४ मध्ये दाखवलं की दोन्ही अंडाशय त्रेचाळिशीच्या आत काढलेल्या बायकांमध्ये काचबिंदू साठ टक्क्यांनी जास्त होता. आपोआप जाणारी पाळी हळूहळू, काही वर्षं घेऊन जाते. ऑपरेशनने ती एका दिवसात जाते. गर्भाशय काढून अंडाशय ठेवले तरी ते काही वर्षं आधी थकण्याची शक्यता असते.

हे वाचून बीड आठवलं नाही, तर महाराष्ट्रातल्या वाचकाने वर्तमानपत्र वाचणं सोडलं असावं. २०१९ मध्ये तिथल्या ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या ‘पिशवी काढण्याच्या’ बातम्या आल्या. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ८२,३०९ ऊसतोड बायकांच्या पाहणीत १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. अंगावरून पांढरं जातंय, पोटात दुखतंय, पुढे कॅन्सर होईल, अशी भीती घातली जायची. आणि पाळीच्या चार दिवसांत कोयता बंद राहिला तर खाड्याचे पैसे कापले जाण्याची भीती वेगळीच. देशभरात पंधरा ते एकोणपन्नास वयातल्या शंभरातल्या तिघींचं गर्भाशय काढलेलं असल्याचं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण सांगतं, आणि ऑपरेशनचं मधलं वय चौतिशीच्या आसपास येतं. भारतात पाळी आपोआप जाण्याचं वयही पाश्चात्त्य देशांपेक्षा चार-पाच वर्षं अलीकडेच आहे.

दुसऱ्या बाजूला भारतातल्या काचबिंदूचा अंदाज २०१० मध्ये चाळिशीपुढच्या १ कोटी १२ लाख लोकांचा होता. तमिळनाडूच्या खेड्यांत झालेल्या चेन्नई ग्लॉकोमा स्टडीत काचबिंदू सापडलेल्या नव्वद टक्क्यांहून जास्त लोकांना तो आपल्याला आहे, हे ठाऊकच नव्हतं. गावात जाऊन नस तपासणं आपल्याला जमत नाही, असंही नाही. नागपूरच्या सूरज आय इन्स्टिट्यूटमधल्या विनय नांगिया यांनी जर्मनीतल्या योस्ट योनास यांच्याबरोबर २००६ ते २००८ या काळात मध्य भारतातल्या खेड्यांतल्या ४,७११ माणसांचे डोळे तपासले. ऑप्टिक नर्व्हचे फोटो काढून तिचं तोंड मोजलं.

बीडच्या त्या पाहणीतल्या बऱ्याच बायका आता चाळिशीत आल्या आहेत किंवा यायच्या बेतात आहेत. दिवाळीनंतर टोळी निघते ती उन्हाळ्याच्या तोंडाशी परतते. थंडीत गावात नेत्रशिबिर लागलं तर ते सासू-सासऱ्यांचा मोतीबिंदू बघून जातं, सून तेव्हा फडावर असते. तिची तपासणी करायची तर कारखान्याच्या आवारात किंवा कोप्यांवर जावं लागेल. हातात धरायचा फंडस कॅमेरा बाहुली मोठी न करताही नसेचा फोटो घेतो आणि दाब मोजायचं यंत्रही पिशवीत मावतं. फोटो काढणाऱ्याने पिशवी कितव्या वर्षी काढली आणि सोबत अंडाशयही काढले का, हे विचारून घ्यावं. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर अनेकींना देता येणार नाही. त्यासाठी सोनोग्राफी लागेल.